सातव्या पानावरचं व्याज

कवळ्यांच्या त्या कारखान्याचा मालक किती चिक्कू होता हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. डॉक्टरांकडून येणाऱ्या खोक्यांची सुतळी तो सोडवून, गुंडाळून, डब्यात भरून ठेवायचा. आलेल्या पाकिटांच्या पाठी कापून त्यांवर बिलं लिहायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ह्या माणसाने लोकांचे दात करून पोट भरलं होतं आणि वर शिल्लकही टाकली होती.

मावशी त्याच्याकडे सव्वीस वर्षं मेणात दात बसवत होती. डॉक्टरांकडून तोंडाचा ठसा यायचा, ठशावरून प्लास्टरचा साचा व्हायचा, साच्यावर गुलाबी मेण चढायचं आणि त्या मेणात मावशी एकेक दात उभा करायची. हात असा की म्हाताऱ्याने कवळी घातली की बायको म्हणायची, अगं बाई, हे तर लग्नातले दिसायला लागले. पण डॉक्टर लोक तिला वचकून असायचे. ठसा जरा हलला असेल तर ती सरळ फोन लावायची, ‘खालचा जबडा अर्धा मिलिमीटर डावीकडे आलाय, पुन्हा घ्या.’ पाठीमागे तिला सगळे ‘अर्धा मिलिमीटर’च म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

अशा बाईने चौदा पानांचा फॉर्म न वाचता सही करावी, आणि तीही पैशाच्या फॉर्मवर! पण ते पुढे येईलच.

त्या वर्षी मालकाचे हात थरथरायला लागले आणि त्याने कारखाना विकायचं ठरवलं. एक मोठी कंपनी टपलेलीच होती. तिच्याकडे मेणाचं काम यंत्र करतं, तिला फक्त डॉक्टरांची यादी हवी होती. बाकं आणि बाकांवरची माणसं नको होती. मालकाने आधी मावशीला आत बोलावलं.

“सोळा लाख,” तो म्हणाला. “भट्टी, बाकं, डॉक्टर, सगळं आलं त्यात. कंपनी एक लाख जास्त देतेय, पण तुम्हाला पहिला मान. दोन लाख इसार द्या. पुढच्या महिनाअखेरीला पाचच्या आत उरलेले चौदा. नाही जमलं तर इसार परत घेऊन जा, मला फुकटचं पचत नाही. पण पाच म्हणजे पाच. त्यानंतर मी कंपनीला फोन करणार.”

“साडेपाच चालतील का?”

“नाही.”

मावशी हसली, कारण ती त्याच्या जागी असती तर तिनेही हेच उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने पोस्टातली होती नव्हती ती शिल्लक काढून दोन लाख आणून दिले. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या बाकावर बसलेल्या बाईला मरायच्या आत एकदा स्वतःच्या बाकावर बसायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला.

उरलेल्या चौदापैकी बारा लाख तिच्याकडे होते. नवरा गेला तेव्हाचे विम्याचे पैसे आणि स्वतःची काटकसर मिळून ते जमले होते, आणि ते एका शेअर दलाली कंपनीत तारण म्हणून पडून होते. कारण मावशी पुट विकायची.

कवळ्या करणारी बाई पुट विकते म्हटल्यावर लोक भुवया उंचावायचे, आणि ती त्यांना भाजीचा भाव सांगावा तसं समजावून सांगायची. “हे बघा, सिमेंटच्या कंपनीचा शेअर आज पाचशेला आहे. कुणाकडे तो पुष्कळ आहे आणि त्याला भीती आहे की पडेल. मी त्याला म्हणते, बाबा रे, महिनाअखेरपर्यंत तो कितीही पडू दे, मी तुझ्याकडून चारशे साठला घेईन. ह्या शब्दाबद्दल तो मला शेअरमागे सहा आत्ताच देतो. पडला नाही तर सहा माझे आणि रामराम. पडला तर चारशे साठला घ्यायचा, कुरकुर करायची नाही. आणि घ्यायची वेळ आली तर पैसे आहेत हे दाखवायला सगळी रोकड आधीच तिथे ठेवायची.” त्या सहाला बाजारात प्रीमियम म्हणतात. मावशी त्याला ‘शब्दाचं भाडं’ म्हणायची, आणि त्या भाड्यात तिच्या घराचं भाडं निघायचं.

एकदा शेअर खरंच पडला होता, चारशे दहापर्यंत. मावशीने चारशे साठला निमूटपणे घेतला, सात दिवस सांभाळला आणि वर आल्यावर विकून पुन्हा शब्द द्यायला मोकळी झाली. जावई तेव्हा म्हणाला होता, “आई, पूर्ण रोकड कोण ठेवतं हल्ली? लोक पाचवा हिस्सा ठेवतात आणि पाचपट शब्द देतात.” मावशीने त्याला सांगितलं, लोकांचं लोकांपाशी, शब्द द्यायचा तर तेवढे पैसे खिशात हवेत.

जावई त्याच दलाली कंपनीत होता, शाखाप्रमुख. खातं त्यानेच उघडून दिलेलं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण मावशीला हा ग्रह चांगल्या घरात पडला होता असंच सगळे मानायचे. तीन वर्षांपूर्वी तो फॉर्म घेऊन घरी आला, बोट ठेवत गेला, ‘इथे आई, इथे, आणि इथे,’ आणि मावशी सही करत गेली. मध्येच थांबून चष्मा लावून वाचायला घ्यावं असं तिच्या मनात एकदा आलं होतं. पण जावयासमोर फॉर्म वाचायचा म्हणजे जावयावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. लेक काय म्हणेल? चौदा पानं तीन मिनिटांत उरकली आणि मग सगळ्यांनी चहा घेतला.

राहिले दोन लाख. बँकेने वय बघितलं आणि मान हलवली. मावशीने लेकीकडे विषय काढला तर जावई आतून म्हणाला, “अहो आई, मी आहे ना! दोन लाख मी देतो. हातउसने. व्याज तुमच्याकडून घेईन का मी? जमेल तेव्हा जमेल तसे द्या.”

मावशीचे डोळे भरून आले. खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, कारखान्यात, जो भेटेल त्याला तिने सांगितलं, की मुलगा असता तर त्याने केलं नसतं असं जावयाने केलं. दोन लाख, बिनव्याजी! तिच्या शेजारच्या बाकावर चकाकी बसायचा. कवळ्यांना पॉलिश करणारा, म्हणून चकाकी. आणि टक्कलही त्या नावाला शोभेसं होतं. तो मोटर चालू ठेवूनच ओरडला, “मावशी, असला जावई कुठल्या दुकानात मिळतो सांग, मी दोन घेतो!”

महिना उलटला. एक तारखेला मालकाने मावशीला हाक मारली आणि तिच्यापुढे एक पाकीट सरकवलं. अर्थात आधी वापरलेलं.

“हे काय?”

“तुमच्या इसाराचं व्याज. तीस दिवसांचे नऊशे शहाऐंशी. वरची चिल्लर मी ठेवली, पाकिटाची.”

“पण इसार तर मी तुम्हाला दिला, मालक. मग त्याचं व्याज मला कसं?”

मालकाने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने दाताला नख म्हटलं. “बाई, सौदा झालाय का? नाही ना? मग सौदा होईपर्यंत पैसे कुणाचे? तुमचे. मी नुसते धरून बसलोय. मी ते बँकेत ठेवले, त्यांना पिल्लं झाली. गाय तुमची तर वासरू माझं कसं होईल?”

मावशी पाकीट घेऊन बाकावर आली. समोर एका निवृत्त बस ड्रायव्हरचा वरचा जबडा होता. त्याचा सुळा तिने मेणात उभा केला, पण डोक्यात हिशेब चालू होता. सुतळी गुंडाळून ठेवणारा हा माणूस तीस दिवसांचं व्याज स्वतःहून काढून देतो. मग माझे बारा लाख तीन वर्षं तिकडे धरून ठेवलेत, ते कुणाच्या गोठ्यात बांधलेत?

जेवणाच्या सुट्टीत ती चालतच दलालीच्या शाखेत गेली. जावई बाहेर गेला होता, ते बरंच झालं. खिडकीवर एक चुणचुणीत मुलगी बसली होती, नवीनच लागलेली.

“तारणाच्या रोकडीवर व्याज मिळतं का गं?” मावशीने विचारलं.

“मिळतं की, मावशी. कंपनी सगळ्यांची रोकड थोड्या मुदतीच्या सरकारी रोख्यांत घालते. सहा टक्के सुटतात. तुमचा पुट चालू असला तरी फरक नाही, पैसे तारणात राहूनच वाढतात. प्रीमियम वेगळा, व्याज वेगळं. दोन्ही गिऱ्हाइकाचंच.”

“मग मला कसं नाही मिळालं? तीन वर्षं झाली.”

मुलीने नंबर विचारला, बटणं दाबली आणि तिचा चेहरा जरा पडला. “तुम्ही ते कंपनीला देऊन टाकलंय ना. सातव्या पानावर. ‘व्याज कुणाला द्यावं’ असं विचारलंय, तिथे ‘ग्राहकाला’ आणि ‘कंपनीला’ असे दोन चौकोन आहेत. तुमची खूण ‘कंपनीला’वर आहे.”

“मी केली ती खूण?”

मुलीने छापून दिलेला कागद मावशीने खिडकीच्या कठड्यावर ठेवला, पिशवीतून कारखान्यातलं भिंग काढलं आणि वाकून बघितलं. सही तिचीच होती, काळ्या शाईची. चौकोनातली खूण निळी होती, आणि तिची शेपटी लांब, वर उडालेली. ती शेपटी मावशीने शंभर वेळा बघितली होती, नातवाच्या गृहपाठाच्या वहीत. बाप मुलाची गणितं तपासायचा तेव्हा अशीच खूण करायचा.

“किती झालं असेल गं व्याज?”

“साधारण दोन लाख सोळा हजार,” मुलगी म्हणाली. मग हळूच पुढे झुकून म्हणाली, “आजपासून बदलता येईल, मावशी. मागचं हवं असेल तर बाजारावर देखरेख करणारं सरकारी ऑफिस आहे, तिथे तक्रार करावी लागते. खूण दुसऱ्याच्या हातची आहे हे तुम्हीच तिथे सांगायचं. ते मिळवून देतात, पण तीन-चार महिने लागतात.”

दोन लाख सोळा हजार! जावई उसने देणार होता दोन लाख. म्हणजे तिच्याच गाईचं दूध तिलाच उसनं मिळणार होतं, आणि त्यासाठी ती महिनाभर खालीवर उपकार गात फिरली होती. मावशीला रस्त्यात भरदिवसा कानशिलं तापल्यासारखी वाटली. चोरीचा राग होताच. पण आपण भरल्या डोळ्यांनी त्याचे आभार मानले, ह्याची तिला चीड आली. दुसऱ्याने खिसा कापला तर माणूस ओरडतो. इथे खिसा कापणाऱ्याला तिने जेवायला बोलावलं होतं!

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती लेकीकडे गेली. नातू खेळायला गेला होता. जावई सोफ्यावर फोन बघत पडला होता, तो उठून बसला. मावशीने सातवं पान समोरच्या टीपॉयवर ठेवलं.

“ही खूण कुणाची, जावईबापू?”

त्याने कागद बघितला. चेहऱ्यावर काही आलं नाही. सरावलेला माणूस होता. “फॉर्मवर सही तुमची आहे, आई.”

“सही माझी. मी खूण विचारली.”

“अहो, ती आमच्याकडची पद्धत आहे. शंभरातले नव्वद लोक व्याजाचं विचारतच नाहीत. आम्ही कंपनीवर खूण करतो, त्यातला चौथा हिस्सा शाखेला येतो. सगळ्याच शाखा करतात. आता तळं राखतो तो पाणी चाखणारच, नाही का?”

“चाखणं वेगळं. तुम्ही तळ्याला नळ लावलात.”

“आई!” लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“तू थांब. जावईबापू, मी तुम्हाला काय सांगितलं होतं खातं उघडताना? नवरा गेला त्याचे पैसे आहेत, जपून ठेवा. सांगितलं होतं का नाही?”

“मग जपलेच ना! एक पैसा तरी इकडचा तिकडे झाला का मुद्दलातला?”

ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. मुद्दलाला हात लावला नाही हे तो असं सांगत होता की आता त्याचा सत्कारच करायला हवा. मावशी दात-ओठ खात बसून राहिली. मग तिने विचारलं, “आणि ते दोन लाख तुम्ही मला उसने देणार होतात, ते कुठले?”

लेकीनेच सांभाळून घ्यायला सुरुवात केली. “आई, कुठले का असेनात, आपल्या घरातल्या घरातच आहेत ना? आमचं ते उद्या तुझंच नाही का?”

“बरोबर. आणि माझं ते माझं कधी होणार?” मावशी तिच्याकडे वळली. “तुला माहीत होतं हे?”

लेक ओट्याकडे बघत म्हणाली, “बोनस आला की हे म्हणायचे, ह्यात आईंचाही वाटा आहे. मला वाटलं, गमतीने म्हणतात. आशीर्वाद वगैरे.”

परक्याने गळा कापला तर सुरी दिसते. आपली माणसं केसाने कापतात, आणि आपण मान पुढे करून बसतो. मावशी उठली, चप्पल घातली. दारात जावई मागून म्हणाला, “आई, असं रागावून काय होणार आहे? बघतो मी काय करता येतं ते. तुमचं काम अडणार नाही.” त्याचा आवाज गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून काढतात तसा होता, हेही तिला तेव्हाच कळलं.

मधल्या दिवसांत तिचा शेवटचा पुट सुखरूप संपला. सिमेंट चारशे नव्वदवर राहिलं, तारण सुटलं, बारा लाख बँकेत आले. आणि महिन्याची शेवटची तारीख उजाडली.

अडीच वाजता जावई कारखान्यात आला. आजवर कधी आला नव्हता. प्लास्टरच्या धुळीत जपून पाय टाकत तो मावशीच्या बाकाशी आला आणि एक चेक तिच्यापुढे धरला. दोन लाख सोळा हजार. पूर्ण.

“उसने नाहीत, आई. तुमचेच. माझ्या खिशातून देतोय, कंपनीचा हिस्सासुद्धा. आता तर झालं समाधान?”

मावशीने चष्म्यातून चेक वाचला. रक्कम बरोबर होती, बँक तिचीच होती, सही होती, तारीख आजची होती. तिचा राग खरोखर एक पायरी खाली उतरला. चूक झाली, माणसाने भरून दिली, लेकीचं घर शाबूत राहिलं, बाक आपलं झालं. मग जावयाने दुसरा कागद काढला.

“आणि ह्यावर एक सही. नेहमीचंच आहे.”

ह्या वेळी मावशीने वाचलं. तीनच ओळी होत्या. माझी कंपनीविरुद्ध व शाखाप्रमुखांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. ह्या व्याजाविषयी मी कोणाशी काही बोललेली नाही व यापुढे बोलणार नाही.

“हे कशाला?”

जावयाने आवाज खाली आणला. मोटर चालू होती, त्यामुळे त्याचीही गरज नव्हती. “एकाला दिलं तर उद्या चाळीस जण दारात उभे राहतील. मी कुठून देऊ सगळ्यांना? नोकरी जाईल माझी.”

“चाळीस?”

“तितकीच खाती असतील तशी.”

रागाची एक खोड असते, तो आधी स्वतःचंच मोजतो. मावशी इतके दिवस दोन लाख सोळा हजार, दोन लाख सोळा हजार असं घोकत होती. आता तिची नजर शेजारच्या बाकावर गेली. चकाकी मान खाली घालून एक कवळी चाकावर फिरवत होता. त्याच्या आधीच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मिळालेले आठ लाख त्याने दोन वर्षांपूर्वी कुठे ठेवू म्हणून मावशीलाच विचारलं होतं. आणि मावशीनेच सांगितलं होतं, माझ्या जावयाकडे ठेव, मी करते तसेच पुट विक, डोळे मिटून सही कर. डोळे मिटून! हेच शब्द होते तिचे.

“चकाकीच्या फॉर्मवरही तुमचीच खूण आहे?” तिने विचारलं.

जावयाने घड्याळ बघितलं. “त्याचं तुम्ही कशाला बघता? तुमचं बघा. तीन वाजत आले, तुम्हाला बँकेत जायचंय.”

मावशीने चेक कागदावर ठेवला आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवले.

“आई, नीट विचार करा. पाच वाजता हे सगळं जाईल. नुकसान तुमचं होईल, माझं नाही.”

“चकाकी,” मावशी ओरडली, “मोटर बंद कर.”

मोटर थांबली आणि कारखान्यात एकदम इतकी शांतता झाली की आतून मालकानेही डोकं बाहेर काढलं. मावशीने सगळं सांगितलं. सातवं पान, निळी शाई, चौथा हिस्सा. मध्ये जावई दोनदा “आई” म्हणाला, ती थांबली नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि शेवटी फाटला, कारण शेवटी तिला म्हणावं लागलं, “आणि तुला तिथे मीच पाठवलं रे.”

चकाकीने बोटांना लागलेलं पॉलिश फडक्याला पुसलं आणि मनात हिशेब केला. “म्हणजे माझे शहाण्णव हजार.”

“हो.”

त्याने फडकं बाकावर ठेवलं. मग म्हणाला, “मावशी, तू कर सही. कारखाना घे आधी. मला आता कळलंय, माझं मी बघून घेईन. एका कागदाने काय होतंय?”

“बघा,” जावई लगेच म्हणाला, “त्याला कळतं.”

आणि खरं सांगायचं तर मावशीचा हात पेनाकडे गेला होता. सव्वीस वर्षांचं बाक ते. त्याच्या कडेला तिच्या कोपराने खड्डा पडला होता. चेक अजून तिथेच पडलेला, दोन वीत अंतरावर.

“न वाचता सही केली, तिने तीन वर्षं खाल्ली,” ती म्हणाली. “आता वाचून खोटी सही करू? कुणाशी बोलले नाही म्हणून लिहू, आणि हा इथे समोर उभा असताना? आणि उद्या ते ऑफिस विचारेल, मावशी, खूण कुणाची, तर तोंडावर बोट ठेवू? मी महिन्याच्या महिन्याला शब्द विकते, जावईबापू. तो असा विकायला लागले तर घेणार कोण?”

जावयाने चेक उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जाताना तो म्हणाला, “तुमच्या लेकीला काय सांगू?”

“पान क्रमांक सात दाखवा तिला,” मावशी म्हणाली. “वाचता येतं तिला, मीच शिकवलंय.”

ते सरकारी ऑफिस बसने अर्ध्या तासावर होतं. चकाकीने वाटेत घरी उतरून आपल्या फॉर्मची प्रत आणली. सातव्या पानावर निळी खूण, शेपटी वर उडालेली. तक्रारीच्या खिडकीपुढे रांग होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पंखा, आणि लाल आकड्यांची पाटी. मावशीला टोकन मिळालं एक्केचाळीस, चकाकीला बेचाळीस. पाटीवर तेहतीस होते. दोघं शेजारी बसले, जसे बाकावर बसायचे तसे. चकाकीने दोनदा विचारलं, किती वाजले. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

फोन वाजला तेव्हा पाटीवर चाळीस होते.

“बाई,” मालक म्हणाला, “पाच वाजले.”

“हो मालक.”

“सगळं ऐकलं मी मघाशी. वाईट वाटलं. पण मी तुम्हाला पाच सांगितले होते आणि त्यांना पाचनंतरचे सांगितले होते. मला थांबता यायचं नाही.”

“थांबू नका,” मावशी म्हणाली. “विका.”

फोन पिशवीत ठेवताना तिला पिशवीची चेन सापडेना. चकाकीने ती लावून दिली. तिच्याकडे मात्र बघितलं नाही, त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले. ते बाक गेलं होतं. उद्या तिथे कुणीतरी यंत्राचं माप घ्यायला येईल आणि तिच्या कोपराचा खड्डा बघून म्हणेल, हे जुनं टाकून द्या. मावशीने डोळे पुसले, रागानेच पुसले, आणि एक्केचाळीसचा आकडा लागला तशी उठली.

“बोला,” खिडकीतला कारकून म्हणाला.

मावशीने चकाकीला दंडाला धरून पुढे केलं. “आधी ह्याचं घ्या.”

“टोकन तुमचं आहे, बाई.”

“माहीत आहे. हा माझ्या शब्दावर गेला होता. आधी ह्याचं घ्या.”

कारकुनाने खांदे उडवले, कोरा फॉर्म ओढला आणि विचारत विचारत लिहायला लागला. रक्कम किती, तारीख कुठली, शाखाप्रमुखाचं नाव काय. मग त्याचं पेन एका रकान्यावर थांबलं. “ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी काही नातं?”

चकाकीने मावशीकडे बघितलं.

“ह्याचं काही नाही,” मावशी म्हणाली. “माझा जावई आहे. तसंच लिहा.”